दिओर सोव्हाज पार्फमबद्दलच्या आपल्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: मित्राकडे सोव्हाज या दिओर कंपनीच्या परफ्यूमची ईडीटी (ओ द तॉलेत, कमी अर्काचा प्रकार) आहे आणि तो खोलीत आला की सगळ्यांना वास येतो. आपण आमच्याकडून त्याहून महाग असलेलं सोव्हाज पार्फम (त्याच नावाचा, जास्त अर्काचा प्रकार) घेतलंत, तर त्याचा वास निराळा, सुरुवातीपासूनच मंद, आणि दुपारपर्यंत गायब. म्हणून बाटली डुप्लिकेट असणार.

आधी आमची चूक. काउंटरवर आपल्याला 'वास तोच आहे, फक्त जास्त स्ट्राँग' असं सांगितलं गेलं. सोव्हाजच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे, आणि त्याच वाक्यावर विसंबून आपण जास्त पैसे मोजलेत. त्याची भरपाई कशी करणार ते शेवटी लिहिलंय.

सोव्हाजची ईडीटी 2015 सालची, ईडीपी (ओ द पार्फम, ईडीटी आणि पार्फमच्या मधला प्रकार) 2018 ची, पार्फम 2019 चं आणि एलिक्सिर 2021 चं. एकच द्रव कमी-जास्त पातळ करून या चार बाटल्या भरलेल्या नाहीत. प्रत्येकीचं मिश्रण वेगळं आहे. ईडीटीत बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ) आणि मिरीचा तिखट झणका पुढे असतो, आणि मागे अँब्रोक्सन या कृत्रिम सुगंधी घटकाचा कोरडा, खारट दरवळ लांबवर जातो. मित्राचा जो वास आपल्याला आवडला तो हाच. ईडीपीत व्हॅनिला येते, म्हणून ती गोलसर आणि किंचित गोड लागते. पार्फममध्ये चंदन, टोंका (गोडसर वासाची एक बी) आणि व्हॅनिला; तिखटपणा बराच खाली बसलेला. एलिक्सिर तर जायफळ, दालचिनी, वेलची आणि ज्येष्ठमधाकडे झुकतं. ईडीटी आवडली म्हणून एलिक्सिर आवडेलच असं आम्ही कुणालाही सांगणार नाही.

टक्केवारीचा ढोबळ हिशेब असा: ईडीटीत सुगंधी अर्क साधारण 5 ते 15 टक्के, ईडीपीत 15 ते 20, पार्फममध्ये 20 ते 30. पण हे व्यवसायातले संकेत आहेत. एका कंपनीची ईडीटी दुसरीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकलेली आम्ही काउंटरवर नेहमी पाहतो.

मग जास्त अर्क असून वास मंद का? अत्तराचं उदाहरण घ्या. त्यात अल्कोहोल नसतं, ते पुरतं तेलकट. मनगटाला टिपकाभर लावलं तर रात्रीपर्यंत राहतं, पण वास येतो तो शेजारी बसणाऱ्याला. टिकणं आणि पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्प्रेमधलं अल्कोहोल झटकन उडतं आणि बर्गमॉटसारखे हलके घटक त्याच्याबरोबर हवेत जातात, म्हणून ईडीटीचा पहिला तास दणक्यात जातो. चंदन, टोंका, व्हॅनिला हे घटक जड. ते सावकाश सुटतात आणि अंगालगत राहतात. आपलं पार्फम नेमकं तसंच वागतंय.

'दुपारपर्यंत गायब' याचं एक कारण बहुधा आपलं स्वतःचं नाक असावं. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडतं, आणि गळ्यावर मारलेला स्प्रे तर दिवसभर नाकाखालीच असतो. एक दिवस पुढून न मारता मानेच्या मागे एक आणि शर्टाच्या आत छातीवर एक मारून पाहा. चार तासांनी घरच्यांना किंवा सहकाऱ्याला विचारा. स्वतः हुंगून ठरवू नका. दुसरं कारण कोरडी त्वचा. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटांनी स्प्रे करा, 15 ते 20 सेंटीमीटर अंतरावरून, आणि मनगटं एकमेकांवर घासू नका. पांढऱ्या शर्टावर पार्फम किंवा एलिक्सिर थेट मारू नका, डाग राहू शकतो.

प्रमाणाचंही पाहा. ईडीटीचे पाच-सहा स्प्रे चालतात, ईडीपीचे तीन-चार, पार्फमचे दोन-तीन, एलिक्सिरचे एक, फार तर दोन. एक स्प्रे साधारण 0.1 मिली धरला तर रोज सहा स्प्रेनी ईडीटीची 100 मिलीची बाटली साडेपाच महिन्यांत संपते, आणि रोज तीन स्प्रेनी तेवढंच पार्फम अकरा महिने पुरतं. किमतीची तुलना बाटलीवरून न करता अशी करा.

आणि हवामान. मे महिन्यात दुपारी उन्हात फिरायचं असेल तर एलिक्सिर किंवा पार्फम आम्ही सुचवत नाही. उकाड्यात गोड, जड वास अंगावर येतो आणि लोकलमध्ये किंवा लिफ्टमध्ये शेजाऱ्याला नकोसा होतो. तिथे ईडीटीच घ्यावी, आणि दुपारी दोन स्प्रे पुन्हा मारायची तयारी ठेवावी. दिवसभर एसीत बसायचं असेल, शेजारी जवळ असतील, तर पार्फम उत्तम. संध्याकाळच्या लग्नासाठी, थंडीत, एलिक्सिर. एकच बाटली घ्यायची आणि मनात घोळ असेल तर आमचं मत ईडीपीला.

आता अस्सलपणा. खोक्याच्या तळाशी आणि बाटलीच्या तळाशी असलेला बॅच कोड जुळतो का पाहा. नुसता तो पुरेसा नाही, नकली मालावरही जुळता कोड छापतात. म्हणून खोक्यावरचं आयातदाराचं लेबल वाचा: नाव-पत्ता, आयात नोंदणी क्रमांक, एमआरपी, महिना-वर्ष. आमच्या बिलावर बॅच कोड लिहिलेला असतो, तोही ताडून घ्या. दुकानात आलात तर सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडून दोन्ही शेजारी-शेजारी लावून दाखवू.

भरपाईबद्दल: उघडलेली बाटली आम्ही एरवी परत घेत नाही. इथे सल्ला आमचा चुकला, म्हणून घेऊ. बाटली, खोकं आणि बिल घेऊन या. त्याच मापाची ईडीटी देऊ आणि किमतीतला फरक परत करू. फक्त त्याआधी एका हातावर ईडीटी, दुसऱ्यावर ईडीपी मारून बाहेर फिरून या. पट्टीवर हुंगून निवडू नका, कागदावर त्वचेची ऊब नसते. पहिली दहा मिनिटं सोडून द्या, दोन तासांनी काय उरतं ते पाहा, आणि मगच बदली ठरवा. सकाळी अकराला आलात तर दुपारपर्यंत निवांत वेळ मिळेल.