प्रतिक्रियेला उत्तर : काचेच्या खोलीतलं ‘नाइट वॉच’

नमस्कार. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या ‘नाइट वॉच’ या, नागरी दलातली माणसं दाखवणाऱ्या चित्रावरच्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने या चित्राची दुरुस्ती काचेच्या खोलीत, प्रेक्षकांसमोर मांडली तो तिकिटं खपवण्याचा तमाशा आहे. जुन्या चित्राची पिवळी झाक काढणं म्हणजे त्याचं वय पुसणं. वर स्पेनमधल्या त्या येशूच्या भित्तिचित्राचा दाखला, २०१२ साली दुरुस्तीच्या नावाखाली ज्याचा चेहराच ओळखू येईनासा झाला.

आधी पिवळ्या झाकेचं बघू. ती मुख्यतः १९७५-७६ मधल्या वॉर्निशची आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये एका माणसाने सुरीने या चित्रावर सपासप वार केले, त्यानंतरच्या दुरुस्तीत ते लावलं गेलं. चित्र १६४२ चं आणि त्यावरचा हा थर जेमतेम पन्नास वर्षांचा. त्याला चित्राचं वय कसं म्हणायचं? नोव्हेंबर २०२४ पासून हा थर आणि त्याखाली उरलेले आधीच्या वॉर्निशचे अंश काढायला सुरुवात झाली. द्रावकाने किंचित ओलावलेलं अगदी बारीक धाग्यांचं कापड चित्राच्या लहानशा भागावर थोडाच वेळ ठेवतात. सुटलेलं वॉर्निश ते कापड शोषून घेतं. राहिलेलं कापसाच्या बोळ्याने टिपतात आणि रंगाच्या खाचाखोचांत अडकलेलं मायक्रोस्कोपखाली काढतात. यात खसाखसा घासणं कुठेच नाही.

मुख्य म्हणजे, काम सुरू झालं जुलै २०१९ मध्ये आणि वॉर्निशला हात लागला पाच वर्षांनी. मधली वर्षं बहुतेक निरखण्यात गेली. उजव्या बाजूचा, ढोलवाल्याजवळचा कुत्रा पांढुरका, भुरकट का झालाय? चित्रातल्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावरचं जरीकाम इतकं झळकतं कसं? तपासात त्या जरीत आर्सेनिक असलेली पिवळी आणि तांबूस रंगद्रव्यं सापडली. पार तळाशी, कॅनव्हासवर पहिला हात देण्याच्याही आधी, शिसं असलेला एक थर दिसला. चित्र बंदूकधारी नागरी दलाच्या सभागृहात बाहेरच्या भिंतीवर टांगायचं होतं, तेव्हा ओलीपासून बचाव म्हणून रेम्ब्रांटने तो दिला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. चित्र टिकावं याची काळजी चितारणाऱ्यानेच पहिल्या दिवसापासून केली होती!

स्पेनमधल्या घटनेत हे काहीच नव्हतं. हौशी हात, ना आधीचा अभ्यास ना तपासणी. आज या व्यवसायात साधा दंडक आहे : नवा रंग फक्त जिथे मूळ रंग गेलाय तिथेच लावायचा, आणि तोही पुढच्या पिढीला काढता येईल असा.

आता तमाशा. चित्र जवळजवळ पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. ते हलवणंच जोखमीचं, आणि बंद प्रयोगशाळेत ठेवलं असतं तर कित्येक वर्षं कुणाला दिसलं नसतं. शिवाय ते ॲम्स्टरडॅम शहराच्या मालकीचं आहे, संग्रहालयाकडे फक्त सांभाळायला. १७१५ मध्ये नगरभवनातल्या भिंतीवर मावेना म्हणून हेच चित्र चारही बाजूंनी कापलं होतं. डाव्या कडेची माणसं त्यात गेली आणि ते तुकडे आजवर सापडलेले नाहीत. अशा चित्राला कोण, कशाने, किती हात लावतंय हे लोकांना दिसायलाच हवं. जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालयाने त्याचं ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं, छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं केलं. तुम्ही घरबसल्या कुत्र्याच्या नाकावरची भेग न् भेग बघू शकता, आणि उद्या काही बिघडलं तर बोटही ठेवू शकता. तिकिटं खपतही असतील, पण नुसती तिकिटं खपवायची असती तर असा पुरावा कुणी लोकांच्या हाती दिला असता का?

काचेपलीकडे दिवसभर गर्दी असताना दुरुस्ती करणाऱ्यांनी मन एकाग्र कसं करायचं, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. ज्यांना ते जमत नसेल त्यांच्यावर सक्ती होता कामा नये, एवढं मी तुमच्या बाजूने ठामपणे म्हणेन.

शेवटी, ‘आपल्याला काय त्याचं’ असंही तुम्ही विचारलंत. अजिंठा आठवा. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा आणि रंग पक्के केले, त्यामुळे पुष्कळ वाचलं. पण वर शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेल्या वॉर्निशचा, हात दिला, तो पुढे पिवळा पडला, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर हलक्या हाताने काढत बसावं लागलं. कुठल्या भिंतीवर काय लावलं, कधी लावलं, किती काढलं, हे प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी मराठीत लिहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. यावर तुमचं मत वाचायला आवडेल.