इनुइटांना ‘रोजगारक्षम’ करण्याच्या सोप्या युक्त्या

कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत नावाचा प्रदेश आहे, तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे इनुइटांसाठी, मी एक सरकारी प्रशिक्षण वर्ग घेतला. परवा त्याचा अहवाल परत आला, शेऱ्यासकट. ‘तोंडी सहभागाचा रकाना रिकामा आहे. भरून पाठवावा, अन्यथा बिल मंजूर होणार नाही.’ मुकाट्याने रकाना भरण्याआधी म्हटलं, आपल्या माणसांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. टोरांटो-ओटावाकडे स्थिरावलेल्या आपल्या मंडळींत हल्ली दर तिसरा माणूस ‘ट्रेनर’ नाहीतर ‘कन्सल्टंट’ निघतो. उद्या तुमच्या वाट्याला नुनावुतचं कंत्राट आलं, तर माझ्यासारखी फजिती नको.

पहिला प्रश्न, जायचं कधी? मार्चमध्ये. कॅनडा सरकारचंही आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपतं, त्यामुळे आपला मार्चएंड इकडेही तितक्याच भक्तिभावाने पाळतात. वर्षभर फायलीत झोपलेला निधी फेब्रुवारीत दचकून उठतो आणि कुणाला तरी काहीतरी शिकवून टाका अशी पळापळ सुरू होते. नेमकी तेव्हाच तिकडे हिमवादळं असतात, त्याला निधी तरी काय करणार! नुनावुतमधल्या २५ गावांपैकी एकही दुसऱ्याला रस्त्याने जोडलेलं नाही. विमान हीच एसटी. माझा हिशेबलेखनाचा वर्ग दहा दिवसांचा होता. त्यातले चार दिवस मी राजधानी इकालुइटच्या विमानतळावर, उड्डाण रद्द झाल्याच्या पाट्या वाचत काढले. राहिलेल्या सहा दिवसांत अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण झाला. कागदावर तो होतोच, त्याची काळजी नको.

मे महिना मात्र टाळा. सगळं गाव तंबू घेऊन मासे धरायला आणि रानबदकं मारायला गेलेलं असतं. वर्गात तुम्ही आणि प्रोजेक्टर, दोघेच उरता.

पुस्तक दक्षिणेतलंच, म्हणजे दक्षिण कॅनडातलंच न्या. माझ्या पुस्तकातला पहिला धडा होता ओंटारियोतल्या एका गृहस्थाच्या धंद्यावर: लोकांच्या अंगणातली हिरवळ कापून देणे. यंत्राचा घसारा, उन्हाळ्यातली गिऱ्हाइकं, सगळं नीट मांडलेलं. आता हे गाव असं की वृक्षरेषा कुठल्या कुठे दक्षिणेला राहिलेली, औषधालाही झाड नाही. मागच्या बाकावरच्या पोराने शांतपणे विचारलं, “कापलेल्या गवताचं तो करतो काय?” म्हटलं, टाकून देतो. वर्ग पाच मिनिटं हसत होता. हसू ओसरल्यावर तोच पोरगा म्हणाला, “मग त्याला पैसे कशाचे देतात?” याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

पुस्तक बाजूला ठेवून हिशेब मांडायचा मोह होईल, तो आवरा. मला आवरला नाही. आम्ही शिकारीचा जमाखर्च मांडला. स्नोमोबाइल, तिच्यामागे ओढायची लाकडी घसरगाडी म्हणजे खामुतिक, काडतुसं, पेट्रोल. शिकारीला पेट्रोल लागतं, पेट्रोलला पगार लागतो आणि ज्याला पगार आहे त्याला शिकारीला जायला वेळ नसतो. म्हणून एका घरात एक जण कचेरीत बसतो आणि दुसरा त्याच्या पैशाच्या पेट्रोलवर सील नाहीतर कॅरिबू, म्हणजे तिकडचं रानटी रेनडिअर, आणून सहा घरांत वाटतो. अशी ती व्यवस्था, आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबाला पटकन कळेल अशी. पण तुमच्या फॉर्मवर त्या दुसऱ्या माणसापुढे ‘बेरोजगार’ लिहायचं असतं. विसरू नका.

‘उद्योजकता’ शिकवताना इतिहासात शिरू नका. १९८३ साली युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारतच नव्हते, पण बाजार पडला तो सरसकट सगळ्याच कातड्यांचा आणि गावोगावच्या शिकाऱ्यांची रोख कमाई गेली. चालता धंदा असा बुडवून झाल्यावर ‘व्यवसायाची कल्पना कशी सुचते?’ ही स्लाइड दाखवायची असते, तेव्हा चेहरा गंभीर ठेवा. किन्गाइट गावातली चित्रकारांची सहकारी संस्था १९५९ सालची. सहकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो, तिथे दगडी ठशांवरून चित्रं छापतात. तिथल्याच केनोजुआक आशेवाक यांचं घुबड १९७० साली कॅनडाच्या टपाल तिकिटावर बसलं. ही स्लाइड मला संचात कुठे सापडली नाही.

खाणींचं बोलायचं झालं तर भविष्यकाळातच बोला. नानिसिविकच्या खाणीने ६० टक्के नोकऱ्या इनुइटांना देणार असं म्हटलं होतं. १९७६ ला सुरू झाली, २००२ ला बंद पडली, पुढे वसाहतही पाडून टाकली. ६० टक्के काही आलेच नाहीत.

आता त्या रकान्याकडे येऊ. इनुइट माणूस ‘हो’ म्हणायला भुवया उंचावतो आणि ‘नाही’ म्हणायला नाक आक्रसतो. आपल्याकडे भुवया उंचावल्या की नवल आणि नाक मुरडलं की शिष्टपणा. तिकडे तो साधा होकार-नकार, तोंडातून एक अक्षर न काढता दिलेला. पहिल्या दिवशी मी विचारलं, “नावे आणि जमा यातला फरक कळला का?” वर्ग गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, परदेशी माणसाशी मोठ्याने बोललं की त्याला भाषा येते असा आपला सगळ्यांचाच समज असतो ना, तसा. तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि स्वतःच्या भुवयांवर बोट ठेवून म्हणाल्या, “आम्ही तीनदा हो म्हणालो.”

तर फॉर्मवर ‘तोंडी सहभाग’ असतो. भुवयांना रकाना नाही. मी पेनाने एक आखला, तोच अवैध ठरला. दक्षिणेच्या कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या, त्या गावात एकदाही पाय न ठेवलेल्या माणसाने ठरवलंय की माझा वर्ग गप्प होता, म्हणजे ‘प्रेरणेचा अभाव’, म्हणजे पुढच्या वर्षी आधी ‘प्रेरणा कार्यशाळा’ हवी. तिलाही निधी आहे. तिलाही ट्रेनर दक्षिणेतूनच जाणार, विमानाचं भाडं, हॉटेल, भत्ता घेऊन. गावाच्या विकासासाठी निघालेला पैसा असा आमच्यासारख्यांच्या खिशातून परतीच्या विमानाने घरी येतो. माझाही आला. मी काही धुतल्या तांदळाचा नाही.

आणि त्या बाई, पन्नाशी उलटलेल्या. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणायला लागलो होतो. गावच्या हॅम्लेट कचेरीत, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीत, त्या अकरा वर्षं हिशेब बघतात. पाण्याच्या टँकरवाल्यांचा पगार, मैल्याच्या गाडीवाल्यांचा पगार, वर्षअखेरीचा ताळेबंद. हुद्दा: हंगामी. दुपारी बॅनक, म्हणजे तिकडची जाड भाकरी, आणि चहा घेताना त्यांनी मला प्लॅस्टिकचं एक फोल्डर दाखवलं. आत पाच प्रमाणपत्रं, पाचही हिशेबलेखनाची आणि पाचही ‘पायरी पहिली’. दर नव्या ट्रेनरला आधीच्याचं प्रमाणपत्र चालत नाही, म्हणून पुन्हा पहिलीपासून. अकरा वर्षांत दक्षिणेतून चार साहेब आले. चौघांनाही काम मावशींनीच शिकवलं. चौघेही वर्ष-दीड वर्षात निघून गेले. पाचवी जाहिरात कचेरीच्या दारावर लागली होती: पदविका आवश्यक, बाहेरून येणाऱ्यास राहायला घर. मावशींच्या तीन खोल्यांत नऊ माणसं राहतात. मिळकत वाढली तर सरकारी घराचं भाडंही वाढतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त इथे बीळ उंदराकडूनच झाडून-पुसून घेतात आणि वर त्याला बीळ कसं करावं याचा कोर्स लावतात.

म्हणजे ती बाई साहेबांना शिकवते, फुकट. मी तिला शिकवतो, पैसे घेऊन. आणि ‘प्रशिक्षणाची गरज’ कुणाला, तर तिला!

आता उपरोध वगैरे राहू द्या, मला जमत नाहीये.

कॅनडा सरकारने इनुइटांशी केलेल्या १९९३ च्या करारात, तेविसाव्या कलमात, लिहून दिलंय की नुनावुतमधल्या सरकारी नोकऱ्यांत इनुइट त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतील. लोकसंख्येत ते ८५ टक्क्यांच्या आसपास आहेत, नुनावुत सरकारच्या नोकऱ्यांत निम्म्याच्या आसपास अडकलेत. २००६ साली माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांनी सरकारला अहवाल देऊन सांगितलं की घोडं शाळेत अडलंय. पोरं पहिली काही वर्षं इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत, शिकतात, मग एकदम इंग्रजीत ढकलली जातात आणि दोन्हीकडे कच्ची राहतात, तेव्हा दोन्ही भाषांतून नीट शिकवा. त्याच वर्षी इनुइटांच्या संघटनेने करार पाळला नाही म्हणून केंद्र सरकारवर दावा लावला. २०१५ साली तो २५.५५ कोटी डॉलरवर मिटला, त्यातले १७.५ कोटी प्रशिक्षणाला. आणि शाळा? २०२० च्या कायद्याने त्यांची भाषा बारावीपर्यंत शिकवण्याची मुदत २०३९ ठेवलीय. आज पहिलीत असलेलं पोर तोवर शाळेतून कधीच बाहेर पडलेलं असेल, आणि मग कुणीतरी त्याच्यासाठी मार्चएंडला पायरी पहिली घेऊन जाईल.

लाज वाटू द्या जरा. फॉर्म पाठवणाऱ्यांनो, तुम्हालाही, आणि माझ्यासारख्या फॉर्म भरणाऱ्यांनाही. लोक शिकायला तयार नाहीत असं लिहिताना हात कसा धजतो? शिकून पाचदा बसलेत समोर. पदविका हवी तर ती गावात शिकवा, आणि मावशींचं अकरा वर्षांचं काम त्या पदविकेत धरा. आधीच्या ट्रेनरचं प्रमाणपत्र पुढच्याला चालत नसेल तर तो दोष बाईंचा नाही, तुमच्या कचेरीचा आहे. बाहेरच्या माणसासाठी घर निघतं, मग गावातल्या माणसाला नोकरी देतानाच ते का आटतं? आणि मी? त्या फोल्डरमध्ये सहावं ‘पायरी पहिली’ मीच सही करून घातलं, हात न थरथरता.

रकाना मी भरणार नाही. बिल अडवायचं तर खुशाल अडवा. दारावरची ती जाहिरात आधी काढा आणि ती जागा त्या बाईंना द्या. घरासकट.