होडी उलटवायला शिकवणारे अंकल

मुरूड, अलिबाग किंवा गणपतीपुळ्याला कुणी बुडाले की वर्तमानपत्रांत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेल्या मागण्या सुरू होतात: किनारा बंद करा, पोलीस नेमा, सहली थांबवा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हाही हेच झाले आणि तो तर पावसाळाही नव्हता. हवाईतल्या ओआहू बेटावर बसून हे वाचताना मला आमच्या नौकानयन क्लबचे, नुकतेच वारलेले प्रशिक्षक आठवतात. वडीलधाऱ्यांना सगळेच अंकल म्हणतात, तसे तेही लहानथोरांचे अंकल होते.

दिवसभर वेल्डिंगचे काम करून ते संध्याकाळी किनाऱ्यावर येत आणि त्याचा एक पैसाही घेत नसत. त्यांची पत्नी शर्यतीच्या दिवशी सगळ्यांच्या जेवणाचे पाहत असे. मुले, सुना, नातवंडे त्याच क्लबात वल्ही मारत. इथल्या शर्यतींत एकाच दिवशी बारा वर्षांची पोरे आणि साठीच्या आज्याही उतरतात, त्यामुळे कुटुंब आणि क्लब यांत फारसे अंतर उरत नाही.

नव्या मुलांना ते वल्हे मारायला नंतर शिकवत. आधी, प्रवाळाच्या आडोशाला असलेल्या संथ पाण्यात, सहा जणांची ती उलांडीची (तोल सांभाळायला बाजूला तरंगता ओंडका जोडलेली) होडी मुद्दाम उलटवायला लावत. पाण्याबाहेर डोके आले की प्रत्येकाने आपल्या जागेचा आकडा ओरडायचा आणि सहाही आकडे ऐकू येईपर्यंत दुसरे काहीही करायचे नाही. मग काहींनी वल्ही गोळा करायची, काहींनी उलट्या होडीवर चढून ती सुलटी करायची आणि शेवटी प्लास्टिकचे कॅन कापून केलेल्या भांड्यांनी पाणी उपसायचे. एखादे पोर रडले तर ते त्याची समजूत काढत, पण पुढच्या खेपेतून त्याला वगळत नसत. लाटांचा रंग बरा दिसला नाही तर सरावच रद्द करत, मग गाडी चालवून आलेले पालक कितीही कुरकुरोत.

१९७८ मध्ये होकुलेआ ही पारंपरिक नौका उलटली, तेव्हा तिच्यावरचा, ओआहूच्या वायमिआ किनाऱ्यावरचा जीवरक्षक एडी ऐकाऊ सर्फबोर्डवरून मदत आणायला निघाला आणि पुन्हा कधीच सापडला नाही. हवाईत ही शौर्यकथा घरोघरी सांगतात. अंकल तिच्यातला दुसरा भाग मुलांना आवर्जून सांगत: होडीला धरून राहिलेले बाकीचे सगळे वाचले.

हवाईतही लोक बुडतात, आणि त्यांत समुद्राची ओळख नसलेले पर्यटक खूप असतात. कोकणाचा प्रश्न याहून वेगळा आहे असे मला वाटत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणकरांकडेही (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांकडेही) उलांडीच्या होड्या आहेत आणि पाण्याची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पण पुण्या-कोल्हापुरातल्या मुलाला समुद्र भेटतो तो सहलीत, एका दुपारपुरता, तोही ‘पुढे जाऊ नका’ एवढ्याच सूचनेसह. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले हे उत्तमच झाले, तरी जीवरक्षकाचे काम सुरू होते ते माणूस अडचणीत आल्यावर.

पावसाळ्यातल्या बंदीला माझा विरोध नाही. खवळलेल्या दर्यात कोळीही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या लोटत नाहीत, आणि अंकलनीही तेच केले असते. शिवाय मुंबईत रोज चार तास लोकलमध्ये घालवणाऱ्याकडून फुकट प्रशिक्षणाची अपेक्षा धरणे, हे परदेशस्थ माणसाचे आगाऊपण ठरेल. म्हणून शिकवणाऱ्याला मानधन हवेच. ऑक्टोबर ते मे या काळात एखाद्या शांत खाडीत, सहलीच्या मुलांना किनाऱ्यावर मोकळे सोडण्याआधी, गावातल्याच अनुभवी मच्छीमारांनी दोन तास पाण्याची ओळख करून द्यावी आणि त्याचे पैसे शाळा-महाविद्यालयांनी सहलीच्या वर्गणीतच धरावेत, एवढी साधी मागणी त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अजून वाचलेली नाही.