रजिस्टरमधली वेळ कुणाची?

सध्या सरकारी दवाखान्यांना गुण मिळाल्याच्या पोस्ट फिरतायत. कायाकल्प या स्वच्छतेच्या सरकारी योजनेत इतके टक्के, एनक्वास या दर्जाच्या राष्ट्रीय मानकांत तितके. मनापासून अभिनंदन. 2015 मध्ये कायाकल्प आलं, त्याआधीचे वॉर्डातले संडास ज्यांनी पाहिलेत ते त्याला नावं ठेवणार नाहीत. पण 70 टक्क्यांच्या वर गेलेल्या दवाखान्यात एकदा विचारून बघा, साप चावलेल्याला औषधाची पहिली व्हायल, म्हणजे कुपी, किती वाजता लागली? रजिस्टर उघडून वेळ दाखवतील. ती खरी असेलच असं नाही. हे मी सांगू शकते, कारण लिहिणाऱ्यांतली मीही एक होते.

30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय, पावसाळ्यातली रात्र. ड्युटीला मी एकटी सिस्टर, एक मावशी आणि गेटवर मामा. घोणस चावलेल्या शेतकऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. डॉक्टर आले, रक्त गोठतं का ते बघायची 20 मिनिटांची टेस्ट लावली. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, नळीला धक्का लावायचा नाही, 20 मिनिटांनी तिरकी करून बघायची. रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे एएसव्ही, सापाच्या विषावरचं औषध, दहा व्हायल. कपाटाची किल्ली फार्मसिस्टकडे आणि फार्मसिस्ट घरी. मामा सायकल घेऊन पळाले. किल्ली आली, तर पुढे पावडर विरघळवणं. प्रत्येक व्हायलमध्ये 10 मिली पाणी घालून हळूहळू फिरवत बसायचं, घुसळली की फेस होतो. दहा व्हायल आणि माझे दोन हात. मग मावशींना तिथल्या तिथे शिकवलं.

पहाटे केसपेपरवर मी लिहिलं, ‘आगमन 11.40, उपचार सुरू 11.50.’ औषधाचा पहिला थेंब गेला तेव्हा एक वाजून गेला होता. खोटं लिहावं असं काही मनात नव्हतं. केसपेपर निघाला की उपचार सुरू झाले, असंच धरायची पद्धत होती. माणूस वाचला, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

मला मात्र ते लागलं. मी 200 पानी वही आणली, चार रकाने आखले: गेटमधून आत, डॉक्टरांनी तपासलं, पहिलं औषध, रेफर असेल तर गाडी हलली. सगळं भिंतीवरच्या एकाच घड्याळाप्रमाणे, कारण ते आणि माझा मोबाइल यांच्यात सात मिनिटांचा फरक होता. (हसू नका, तुमच्याकडचं बघा.) क्वार्टरवरून डॉक्टर उशिरा येतात म्हणून उशीर होतो, असं सगळा गाव म्हणायचा. वहीत दिसलं की डॉक्टर येत होते, वेळ किल्लीत आणि व्हायल विरघळवण्यात जात होता. दुसरी किल्ली कॅज्युअल्टीत ठेवली, दहा व्हायल आणि सिरिंज एका ट्रेमध्ये. निधी लागला नाही.

एनक्वासच्या आठ भागांतला शेवटचा भाग परिणामांचाच आहे, हे मान्य. पण ते आकडे याच रजिस्टरांतून निघतात. शिवाय छोट्या दवाखान्यात टक्केवारी फसवते. महिन्यात तीन सर्पदंश आले आणि एकाला उशीर झाला की 33 टक्के. पुढच्या महिन्यात शून्य. यात सुधारलं काय? त्यापेक्षा तिन्ही केस वाचा ना, मिनिटामिनिटाने.

सगळ्यात जास्त खटकतो तो ‘रेफर’चा शेरा. 108 ची गाडी सिव्हिलच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या, रस्त्याला लागली की आमच्याकडचा मृत्यूचा आकडा स्वच्छ. जितके घाबरून पुढे पाठवाल तितकी तुमची कामगिरी चांगली! पेशंट पोचला का, घरी परतला का, याला रकानाच नाही. मी वहीत पाचवा रकाना आखला आणि दुसऱ्या दिवशी सिव्हिलला फोन लावायला लागले. “कुठला पेशंट? कधीचा? सिस्टर, इथे शंभर येतात.” त्यांचंही चुकत नव्हतं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी वही चाळली आणि विचारलं, “हिचा रजिस्टर नंबर काय?” नंबर नव्हता. मग ती ड्रॉवरमध्ये गेली.

रिटायर होताना वही तिथेच ठेवून आले. पाचवा रकाना बहुतेक पानांवर कोराच आहे.