४८ हजारांचा गेमिंग कॉम्बो: घ्यायचा की फोडायचा?

काल कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. पक्याचा भाचा ओंकार बारावी होऊन इंजिनिअरिंगला गेलाय, त्याला गेमिंग पीसी घ्यायचाय आणि मामाने ५० हजार कबूल केलेत. मॉनिटर घरात आहे, साधा १०८०पीचा. पोराने व्हॉट्सॅपवर आलेला एक कॉम्बो आणून दाखवला आणि सगळे तुटून पडले. लिहून काढतोय कारण अशा जाहिराती सगळीकडे फिरतायत आणि पोरं फोटोतले लाइट बघून ॲडव्हान्स भरून मोकळी होतायत, हे बघवत नाही.

कॉम्बो असा: रायझन फाइव्ह ५५०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट गेमिंग एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), काचेचा कॅबिनेट चार आरजीबी फॅनसकट, विंडोज ११ प्रो फ्री. सगळं मिळून ४८,०००.

मंदार लगेच म्हणाला, घेऊन टाक. त्याचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. तो म्हणतो, "पाच दुकानांतून पाच पार्ट घेतले आणि घरी येऊन डिस्प्लेच नाही आला तर कोणाकडे जाणार? बोर्डवाला म्हणणार रॅम बघा, रॅमवाला म्हणणार बोर्डाचा बायोस (आतलं सॉफ्टवेअर) जुना असेल. इथे एकच माणूस, जोडून चालू करून देणार, बंद पडला तर त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा." हे खरंय, पहिल्यांदा पीसी घेणाऱ्याला ह्याची किंमत मोजावीशी वाटते आणि मोजावीही. वर सध्या रॅमचे भाव बघा. २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला लागल्यापासून सुट्टी रॅम घ्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार म्हणून जाहीर केलं. त्यामुळे कुणाकडे जुन्या भावातली रॅम पडून असेल आणि तो कॉम्बोत घालून देत असेल तर तो खराच फायदा आहे, हा मंदारचा मुद्दा शेवटपर्यंत टिकला.

शैल्या हार्डवेअर सपोर्टमध्ये आहे, तो आधी गप्प वाचत बसला होता. मग ओंकारला म्हणाला, "ह्यात पूर्ण नाव कशाकशाला आहे ते सांग."

ओंकारने वाचलं. प्रोसेसरला आहे, कार्डाला आहे, बोर्डाचं निदान चिपसेट (बी५५०) तरी आहे.

"आणि रॅम? एसएसडी? एसएमपीएस?"

नुसते आकडे. १६ जीबी. ५१२ जीबी. ५०० वॅट.

"मग झालं. ज्याचं नाव लिहिलेलं नाही तिथे त्याने स्वतःचे पैसे काढलेत."

माझ्या मते अख्ख्या चर्चेतलं सगळ्यात कामाचं वाक्य हे. कॉम्बो तपासायचा तर जाहिरातीत काय ठळक केलंय ते नंतर बघा, आधी काय नुसत्या आकड्यावर भागवलंय ते बघा.

पण ज्यांची नावं आहेत तीही एकमेकांशी जमायला लागतात ना, आणि इथे खरा घोळ आहे. आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२चं कार्ड, मेमरी ४ जीबी, आणि ते बोर्डाशी फक्त चार लेनमधून (डेटा जायचे पदर समजा) बोलतं. स्लॉट दिसायला अख्खा सोळाचा असला तरी कार्ड वापरतं चारच. स्लॉट जेन फोर (चौथ्या पिढीचा पीसीआय एक्स्प्रेस) असेल तर ह्या चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो, जेन थ्री असेल तर ४. ओंकार म्हणाला, "पण दादा बोर्ड बी५५० आहे, त्यावर जेन फोर आहे, मी बघितलंय." बघितलं होतं बरोबरच, पण बी५५०वर तो कार्डाचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, म्हणजे जेन फोर मिळणार तेव्हाच जेव्हा प्रोसेसर देईल. आणि ५५०० हा दिसायला ५६००चा धाकटा भाऊ वाटला तरी आतून ५६००जीच्या जातीचा आहे, ग्राफिक्स बंद करून विकलेला. तो जेन थ्रीच देतो. कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ही १६ एमबी, ५६००ला ३२. म्हणजे बोर्ड जेन फोरचा, कार्ड जेन फोरचं, आणि मधला प्रोसेसर दोघांनाही जेन थ्रीवर आणून बसवतो.

आता ह्याने फरक काय पडतो? गेम ४ जीबीत मावला तर फारसा जाणवणार नाही, व्हॅलोरंटसारखा हलका गेम मस्त पळेल. पण आजकालचा मोठा गेम टेक्श्चर (चित्राचा बारकावा) हायवर टाकला की ४ जीबी भरतात, उरलेला माल पीसीच्या रॅममधून त्या चार लेनमधूनच ओढावा लागतो, आणि मग ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) कागदावर बरा दिसत असताना खेळताना मात्र झटके बसतात. ज्याने खेळलंय त्याला माहितेय, स्थिर ४५ परवडले पण ७० वरून २० वर आपटणारे ७० नकोत.

मंदार म्हणाला, सेटिंग लो ठेवेल पोरगा, काय बिघडतं. ह्यावर स्नेहा चिडली. ती व्हिडिओ एडिटिंग करते, तिने सरळ ओंकारला विचारलं, "तुला गेमप्ले रेकॉर्ड करून टाकायचाय ना?" हो म्हणाला. "मग हे कार्ड बादच कर. ह्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगची फाइल बनवणारा भाग) नाहीच, हार्डवेअरमध्येच दिलेला नाही. रेकॉर्डिंगचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडणार, त्याच प्रोसेसरवर गेम पण चालू." हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं कारण जाहिरातीत ही गोष्ट कधीच कळत नाही. कार्डाच्या बॉक्सवर काय काय आहे ते छापतात, काय नाही ते कोण छापणार. आरएक्स ६६०० घेतलं तर ८ जीबी मेमरी, आठ लेन, एन्कोडर आहे, आणि आठ लेन असल्यामुळे जेन थ्रीवरही फार काही बिघडत नाही.

मग आला एसएमपीएस. ओंकारने विक्रेत्याकडून फोटो मागवून ठेवले होते (पोरगं हुशार आहे), त्यात एका फोटोत कॅबिनेटच्या मागून एसएमपीएसचा स्टिकर दिसत होता. शैल्याने तो मोठा केला. वर जाड अक्षरात ५०० वॅट, खाली बारीक तक्ता, आणि त्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली १८ अँपिअर. १२ गुणिले १८, २१६ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच खातात, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते. आता हिशोब करा, ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा हा रायझन लोडवर ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो, कार्ड १०७. झाले १९५. वर चार आरजीबी फॅन, एसएसडी, बोर्ड. पुढे कधी ६६०० लावलं तर ते एकटं १३२, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड मिळूनच २२०, आकडा पार. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ह्याच रकान्यात ३६-३७ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळपास सगळे वॅट १२ व्होल्टवरच मिळतात. एवढं एक बघायला कुणी एक्स्पर्ट लागत नाही, फोनवर गुणाकार येतो सगळ्यांना.

मंदार म्हणाला ८० प्लसवाला मागू मग. शैल्या म्हणे माग, पण ८० प्लस म्हणजे वीज किती वाया घालवतो एवढंच कळतं, शॉर्ट झाल्यावर स्वतःला वेळेत बंद करतो की नाही ते त्या चाचणीत नसतं. म्हणून मॉडेलचं नाव पाहिजे, नाव असलं की कुणीतरी तो उघडून तपासलेला सापडतो. डोंबिवलीत पावसाळ्यात लाइट कशी ये-जा करते ते आपल्याला माहितेय, आणि स्वस्तातला एसएमपीएस जातो तेव्हा कधी कधी सोबत बोर्डही घेऊन जातो. हा एक पार्ट असा आहे जिथे मी कुणालाही, कितीही कमी बजेट असो, तडजोड कर म्हणून सांगणार नाही.

एवढ्यात पक्याने नवीनच काढलं, त्याच्या ऑफिसातला कोणीतरी २२ हजारात "आय सेव्हन गेमिंग पीसी" देतोय, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड. नंबर विचारला तर आय सेव्हन ३७७० आणि जीटी ७३०. सगळे एकदम ओरडले. ३७७० हा २०१२चा प्रोसेसर, विंडोज ११ त्याला अधिकृत सपोर्ट देत नाही, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या नव्या सूचनांचा संच) नसल्यामुळे काही नवे गेम उघडतच नाहीत. आणि जीटी ७३०वर ४ जीबी असली काय नि ८ असली काय, २०१४ला सुद्धा ते गेमिंगचं कार्ड नव्हतं. आय सेव्हन हे नाव वाचून आईवडील पैसे देतात, पिढीचा आकडा कोणी विचारत नाही, आणि ह्या धंद्याचा मला मनापासून राग आहे. पक्याने विषय तिथेच सोडला.

रॅमवरून पुन्हा पेटलं. १६ जीबी म्हणजे आठ-आठच्या दोन काड्या की सोळाची एक? एकच असेल तर सिंगल चॅनल, मेमरीचा वेग अर्धा. मंदार म्हणे एकच बरी, पुढे दुसरी टाकता येईल. स्नेहा म्हणे आत्ताच्या भावात दुसरी कधी टाकणार, दोन असू दे. ह्यात दोघांचंही खरं आहे पण स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांना दोनच स्लॉट असतात हे धरलं तरी मी आज दोन काड्याच घेईन, कारण गेम आज खेळायचाय. आणि दुकानातून निघायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक करायचं, तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत दोन्ही लिहिलेलं असतं. ३२०० सांगून विकलेली रॅम २४००ला किंवा २६६६ला चालत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवायची सेटिंग) चालू केलेलं नाही, तिथल्या तिथे करून घ्यायचं.

बिलाचा मुद्दा मी काढला. कॉम्बोचं बिल बऱ्याचदा "कॉम्प्युटर सेट, १ नग" असं एका ओळीत येतं. सहा महिन्यांनी कार्ड गेलं आणि सर्व्हिस सेंटरने बिल मागितलं तर त्यावर कार्डाचं नावच नाही. १८ टक्के जीएसटी भरतोय तर प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीत आणि शक्यतो सिरीयल नंबरसकट मागायचा, तो आपला हक्क आहे. प्रोसेसर बॉक्सवाला की ट्रेवाला (बॉक्सशिवाय सुटा) तेही विचारायचं. बॉक्सवाल्याला कंपनीची ३ वर्षं वॉरंटी आणि सोबत कूलर, ट्रेवाल्याला दुकानदार देईल तेवढीच. शिवाय ५५०० काय नि ५६०० काय, दोघांनाही स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड सर्व्हिसला गेलं की पीसी नुसता डबा. घरात पडलेलं जुनं कार्ड कोणाकडे असेल तर ते टाकून देऊ नका.

तिथेच बसून ओंकारने विक्रेत्याला मेसेज टाकला: एसएमपीएसचा मॉडेल नंबर, रॅमच्या काड्या किती, प्रोसेसर बॉक्स की ट्रे, बिल सुटं मिळेल का. दहा मिनिटांत उत्तर. रॅम आठ-आठच्या दोन, कंपनीचं नावही दिलं. प्रोसेसर बॉक्स. बिल मिळेल. एसएसडी कुठली तेही त्याने न विचारता सांगितलं. एसएमपीएसबद्दल मात्र "सर हेवी क्वालिटी आहे, टेन्शन नका घेऊ." परत विचारलं, परत तेच.

मग मंदारनेच तोडगा काढला, आणि तो मला पटला. कॉम्बो अर्धा घ्यायचा. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी ह्याच्याकडून, कारण रॅम आजच्या सुट्ट्या भावापेक्षा त्याच्याकडे स्वस्त पडतेय आणि हे चार पार्ट एकाच हाताने बसवलेले बरे. कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट बाहेरून. त्याला विचारलं तर तो तयार झाला. मग काचेचा कॅबिनेट रद्द, पुढून जाळी असलेला साधा घ्यायचा, लाइटच्या पैशात एसएमपीएस सुधारतो. सेकंड हँड ६६०० बघायचं का ह्यावरही झालं थोडं, पण वॉरंटी शिल्लक असलेलं आणि बिलासकटच, नाहीतर नवीनच.

एकच गोष्ट मिटली नाही. शैल्या म्हणतो आता चार पार्ट घेतोच आहेस तर ५५००च्या जागी ५६०० टाक, कॅश दुप्पट, बी५५०च्या जेन फोरचाही उपयोग होईल. स्नेहा म्हणते ५५०० राहू दे, ते पैसे ६६००ला लागणार आहेत, आणि प्रोसेसर त्याच बोर्डावर पुढे कधीही बदलता येतो. मी स्नेहाच्या बाजूने आहे. १०८०पीवर खेळणाऱ्या पोराला ८ जीबीचं कार्ड आधी लागतं, आणि ५० हजारांच्या वर मामा किती ताणणार ह्यालाही मर्यादा आहे. पक्या म्हणाला दोन-तीन हजार वर गेले तर देईन, त्याच्या पुढे नाही. शनिवारी ओंकार आणि शैल्या दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतायत, लॅमिंग्टन रोडला आधी कार्ड आणि एसएमपीएसचे भाव काढायचे, त्यातून उरले तर ५६००.