कोविडमध्ये काऊंटीच्या हातात काहीच नव्हतं?

अमेरिकेतल्या काऊंटीचे (काऊंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कमिशनर कोविडच्या काळात नुसत्या बैठका घेत बसले, असं सर्रास बोललं जातं आणि फॉरवर्डही केलं जातं. या म्हणण्यात तीन आरोप असतात. सगळे निर्णय राज्यांचे गव्हर्नर आणि वॉशिंग्टनमधलं केंद्र सरकार यांचे होते, काऊंटीच्या हातात काही नव्हतं. बैठका ऑनलाइन करून लोकांचा आवाज बंद केला. आणि मदतीचा पैसा रस्त्या-इमारतींवर उडवला.

मला हे म्हणणं घातक वाटतं. हातात काही नव्हतं असं एकदा ठरवलं की चांगल्या निर्णयाचं श्रेय देता येत नाही आणि वाईट निर्णयाचा जाबही विचारता येत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. हे कमिशनर निवडून आलेले असतात. बऱ्याच काऊंट्यांत त्यांचं मंडळ तीन किंवा पाच जणांचं असतं; कॅलिफोर्नियात त्यांना सुपरवायझर म्हणतात. टेक्सासमध्ये चार कमिशनर आणि एक काऊंटी जज मिळून कारभार बघतात, आणि हा जज मुख्यतः प्रशासक असतो. तुरुंग, आरोग्य खातं, निवडणुकांची व्यवस्था, अनेक ठिकाणी सरकारी रुग्णालय, या सगळ्याच्या खर्चाला मंजुरी या मंडळाची लागते.

पहिला आरोप तारखांपुढे टिकत नाही. १६ मार्च २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या सहा काऊंट्यांनी लोकांना घरातच राहण्याचा आदेश जाहीर केला. गव्हर्नर न्यूसम यांचा राज्यभराचा आदेश आला १९ मार्चला. सनीव्हेल किंवा क्युपर्टिनोतल्या मराठी कुटुंबाला घरात थांबायला आधी सांगितलं ते सांता क्लारा काऊंटीनं. सही आरोग्य अधिकाऱ्याची होती हे खरं, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार त्या अधिकाऱ्याची नेमणूक सुपरवायझरांचं मंडळ करतं.

टेक्सासमध्ये मात्र या आरोपात अर्धं सत्य आहे. एप्रिल २०२० मध्ये हॅरिस काऊंटीच्या जज लीना हिडाल्गो यांनी मास्क सक्तीचा केला आणि दंड ठेवला. गव्हर्नर ॲबट यांनी आपल्या आदेशानं तो दंड निष्प्रभ केला. गोष्ट तिथे संपली असती तर मी वाद घातला नसता. पण जूनमध्ये सॅन अँटोनियो ज्या काऊंटीत येतं, तिथले जज नेल्सन वुल्फ यांनी वेगळी वाट काढली. दंड माणसांना नको, व्यवसायांना लावायचा: ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना मास्क घालायला लावणं ही त्यांची जबाबदारी. हे आपल्या आदेशात बसतं, असं ॲबट यांनी मान्य केलं. २ जुलैला त्यांनी स्वतःच राज्यातल्या बहुतेक लोकांना लागू होईल असा मास्कचा आदेश काढला. वाट काऊंट्यांनी पाडली होती.

लोकांचं ऐकलं नाही, हा दुसरा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. घरून फोनवरून बोलता आल्यामुळे एरवी कामाच्या दिवशी भर दुपारी बैठकीला जाऊ न शकणाऱ्यांनाही संधी मिळाली. आणि काही काऊंट्यांत तर ऐकण्याचा अतिरेक झाला.

कोलोरॅडोत डेन्व्हरच्या दक्षिणेला डग्लस काऊंटी आहे. तिचं आरोग्य खातं अ‍ॅडम्स आणि अ‍ॅरापाहो या शेजाऱ्यांबरोबर अनेक दशकं सामाईक होतं. जुलै २०२० मध्ये या खात्यानं मास्कसक्ती केली, लोक भडकले, आणि डग्लसच्या कमिशनरांनी लगेच बाहेर पडण्याचा इरादा जाहीर केला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी खरंच स्वतःचं वेगळं आरोग्य मंडळ नेमलं. पुढच्याच महिन्यात या मंडळानं शाळांतल्या मास्कसक्तीतून सूट मिळवणं सोपं करून टाकलं. त्यावर तिथला शाळा जिल्हा (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि काही दिव्यांग विद्यार्थी फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. सामाईक खातं २०२२ च्या अखेरीस बंद झालं.

इथे आवाज दाबला गेला नव्हता. मोठ्यानं बोलणाऱ्यांचा ऐकला गेला; ज्या मुलांना संसर्गाचा धोका जास्त होता, त्यांना न्यायालयात जावं लागलं. आणि हे करण्याइतकी सत्ता काऊंटीकडे होती.

आता पैसा. मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यानं काऊंट्यांना ६५.१ अब्ज डॉलर दिले, लोकसंख्येच्या प्रमाणात. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि ब्रॉडबँड यांवरचा खर्च कायद्यातच नमूद होता. अर्थखात्याच्या २०२२ च्या नियमांनी १ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम बुडालेला महसूल धरून नेहमीच्या सरकारी सेवांवर वापरायची मुभा दिली, आणि त्यात रस्तेही आले. म्हणजे रस्ता दिसला की गैरव्यवहार, असं म्हणता येत नाही.

गैरवापर झालाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मिशिगनमधल्या शियावासी काऊंटीच्या कमिशनरांनी जुलै २०२१ मध्ये याच पैशातून स्वतःलाच बोनस मंजूर केला. मंडळाच्या अध्यक्षांच्या वाट्याला २५,००० डॉलर आले. काऊंटीतले लोक संतापले, सरकारी वकिलानं हे राज्यघटनेत बसत नाही असं सांगितलं, आणि कमिशनरांनी रक्कम परत करायचं ठरवलं. संतापलेल्या लोकांना पक्कं माहीत होतं की सही कोणाची आहे. सगळं वॉशिंग्टननं केलं असं मानून ते गप्प बसले असते, तर ते पैसे परत आले नसते.

तुमच्या काऊंटीची लोकसंख्या अडीच लाखांहून जास्त असेल, तर या निधीतून काय केलं याचा अहवाल दरवर्षी संकेतस्थळावर टाकणं तिला बंधनकारक आहे. पैसा कुठे लावायचा हे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत ठरवायचं होतं, खर्चाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ची. पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी तो अहवाल उघडा, आणि जो आकडा पटत नाही तो घेऊन कमिशनरांच्या बैठकीला जा.