इंजिन बंद करा की, काका

परवा स्टँडवर बस लागली होती. सुटायला वीसेक मिनिटं अवकाश, ड्रायव्हर खाली उतरून उभे, आणि इंजिन चालूच. काचा थडथडतायत, मागून काळा धूर, आणि त्या धुराच्या बरोबर समोरच्या बाकड्यावर एक बाई तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेली. मला राहवेना. म्हटलं, "काका, इंजिन बंद करा की थोडा वेळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कंटाळून. "बंद केली तर चालू कोण करणार? तुम्ही धक्का मारणार? सेल्फ धरत नाही. आणि हवा उतरते."

सेल्फचं समजलं. हवेचं विचारल्यावर समजलं. मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरत राहतो आणि पेडल दाबलं की ती हवा चाकांपाशी जाऊन ब्रेक लावते. लाइन कुठे गळत असेल तर इंजिन बंद झाल्यावर टाकीतला दाब हळूहळू घसरतो. मग पुन्हा इंजिन चालू करा, हवा भरेपर्यंत थांबा, तेव्हा गाडी हलवा. चालू ठेवली तर गळती आणि भरती यांची बरोबरी होते, दाबाचा काटा जागेवर राहतो.

म्हणजे मी तक्रार केली धुराची आणि उत्तर मिळालं ब्रेकचं.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे बसचं प्रदूषण हा एक विषय असतो आणि बसची सुरक्षितता हा दुसरा. पहिल्यावर पर्यावरण दिनाला बोलायचं, दुसऱ्यावर अपघात झाला की बोलायचं. पण ते ज्या गाडीत एकत्र नांदतात, ती गाडी एकच असते आणि तिची देखभाल करणारं वर्कशॉपही एकच असतं. डिझेलची बस काळा धूर का टाकते? एअर फिल्टर चोंदलाय, डिझेल फवारणारं नोझल खराब झालंय, इंजिनाला पुरेशी हवा न मिळता जास्त डिझेल जातंय. ज्या वर्कशॉपमध्ये फिल्टर "पुढच्या खेपेला बघू" म्हणून राहतो, तिथे ब्रेकचे घासून झिजणारे लायनर वेळेवर बदलले जात असतील यावर माझा विश्वास नाही. धूर हे त्या गाडीचं उघडं पडलेलं प्रगतिपुस्तक आहे. ब्रेक आपल्याला दिसत नाहीत, धूर दिसतो.

आणि धूर म्हणजे नुसता डोळे चुरचुरण्याचा मामला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्यामागे जमिनीखालच्या खाणींत डिझेल यंत्रांजवळ काम करणाऱ्या कामगारांवरचा अभ्यास होता. प्रवासी दिवसातून तासभर तो धूर घेतो. वर्कशॉपमधला मेकॅनिक, स्टँडवरचा हमाल, कंडक्टर दिवसभर घेतात. पर्यावरण म्हटलं की आपल्याला झाडं आठवतात, मेकॅनिकची छाती आठवत नाही.

घाटाची गोष्ट तर याहून मजेशीर आहे, मजेशीर म्हणजे अंगावर काटा येईल अशी. ड्रायव्हरला केएमपीएलचं टार्गेट असतं, लिटरला इतके किलोमीटर निघालेच पाहिजेत. कागदावर हे पर्यावरणाचंच काम. मग उतार लागला की काही जण गाडी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं ना! जुन्या पंपाच्या इंजिनात थोडंफार वाचतही असेल. पण आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि डिझेल जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी डिझेल पितच राहतं. म्हणजे वाचलं काहीच नाही, आणि इंजिनाची ओढ गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनरचा वास सुटतो आणि तापलेला ब्रेक धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले ते उगाच नाही. टार्गेट लावणाऱ्याने हे समजावून सांगितलं असतं तर डिझेलही वाचलं असतं आणि ब्रेकही. समजावत कोण बसतं? आकडा भिंतीवर लावणं सोपं.

टायरचंही तेच. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, डिझेल जास्त जातं, टायर आतून तापतो आणि मग फुटतो. पुढच्या वेळी चढण्याआधी टायरच्या कडेवरचा तारखेचा कोड शोधा. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मला हे कळल्यापासून मी वाकून बघतो आणि लोक माझ्याकडे बघतात.

अपघात झाला की बातमीत एक ठरलेलं वाक्य येतं, "चालकाचे नियंत्रण सुटल्याने". सुटलं असेलही. पण वेळापत्रक ज्याने रिकाम्या रस्त्याचा वेळ धरून आखलं, त्याचं काय? भर गर्दीच्या वेळी तेवढ्याच मिनिटांत फेरी मारायची म्हणजे दोन थांब्यांमध्ये गाडी उधळायची आणि थांबा आला की करकचून ब्रेक. डिझेल जास्त, लायनर जास्त, उभ्या म्हाताऱ्या माणसाचा हात दांडीवरून सुटतो तो वेगळाच. युरोपियन युनियनच्या नियमात साडेचार तास सलग गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची आहे आणि ती यंत्रात नोंदली जाते. डोळा लागणं हा माणसाचा दोष नाही. न झोपता त्याला पुन्हा ड्यूटीवर धाडणारी सही कुणाची तरी असते.

आता लोक म्हणतील, इलेक्ट्रिक बस आल्या की सुटला प्रश्न. धुराचा बराचसा सुटतो, खरंच. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांहून अधिक बस इलेक्ट्रिक केल्या. वेग कमी करताना मोटरच ऊर्जा परत बॅटरीत भरते, म्हणून ब्रेकही कमी झिजतात. पण टायर तेच, ड्रायव्हरची झोप तीच आणि वेळापत्रक आखणारा माणूसही तोच. शिवाय नवी दुखणी. हळू चालणारी इलेक्ट्रिक बस इतकी गुपचूप येते की युरोपात कमी वेगाला मुद्दाम आवाज काढणारं यंत्र सक्तीचं करावं लागलं. बॅटरीला लागलेली आग विझल्यासारखी वाटते आणि पुन्हा पेटते. जे वर्कशॉप एअर लाइनची गळती काढू शकत नाही, त्याच्या हाती शेकडो व्होल्टच्या केबल द्यायच्या आधी मी तरी दोनदा विचार करेन.

आपलंही थोडं चुकतं. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या कॅरलटनजवळ १९८८ साली दारू पिऊन उलट्या दिशेने आलेली गाडी एका बसवर आदळली. बसमधली २७ माणसं गेली, बहुतेक मुलं. नुसत्या टकरीतून ती वाचू शकली असती. गेली ती आगीने आणि धुराने. पुढचं दार अडकलं, मागच्या संकटकालीन दाराकडे जाणारी वाट अरुंद, आणि त्या वाटेत थंड पेयांची पेटी ठेवलेली. कुणीतरी सहज ठेवली असणार, जशी आपण बॅग ठेवतो. परवा मी पाहिलं तर आमच्या बसच्या संकटकालीन दाराला तीन पोती टेकवलेली होती. मी बोललो नाही. एका दिवसात दोन तक्रारी करणारा माणूस कुणालाच आवडत नाही, आणि माझीही बॅग मधल्या वाटेतच होती.

तरीही मी बसनेच जाणार. भरलेली एक बस रस्त्यावरून कितीतरी गाड्या कमी करते, आणि अपघातात माणूस मरण्याची शक्यताही दुचाकीपेक्षा बसमध्ये कितीतरी कमी. बसची भीती बसलेला माणूस घरी थांबत नाही, तो दुचाकी काढतो. तिथे धूरही वाढला आणि धोकाही.

शेवटच्या थांब्यावर काकांनी बस स्टँडच्या आत घेतली नाही. बाहेरच्या उतारावर तोंड खाली करून लावली आणि तेव्हा कुठे इंजिन बंद केलं. कंडक्टरने सीटखालून एक दगड काढला आणि पुढच्या चाकाला लावला. मी विचारलं, "हँडब्रेक?" दोघंही हसले. परतीच्या वेळी दगड काढायचा, गाडी उताराने गडगडू लागली की गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा, इंजिनने धरलं की मग हवा भरायची.

दगड एका बाजूला घासून अगदी गुळगुळीत झाला होता.